‘आता काही होणार नाही’ याच्या पुढचं: सांगली-मिरजेच्या नेत्रतज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज आणि कुपवाडमधील सर्व नेत्रतज्ज्ञ डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त विशेष शिक्षिका आहे. नोकरीची सगळी वर्षं अंध आणि अल्पदृष्टी मुलांना शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर बोलावणी थांबली नाहीत, फक्त विद्यार्थ्यांचं वय बदललं. आता फोन येतो तो असा: “बाई, आमच्या आईंना दिसेनासं झालंय. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आता काही होणार नाही. तुम्ही नुसतं एकदा येऊन बोलून जाता का?” मी जाते. गावभागात, विश्रामबागेत, कुपवाडला, कधी तासगाव-पलूसच्या बाजूला. त्या घरांमधून जे दिसलं ते या पत्रात आहे. तुम्हाला लिहायचं कारण एवढंच की त्या प्रत्येक घरात तुमचं शेवटचं वाक्य माझ्या आधी पोचलेलं असतं.

त्या वाक्याला आपल्या भागात किती वजन आहे, हे ओपीडीच्या गर्दीत तुम्हाला जाणवत नसेल कदाचित. 1894 साली वॉन्लेस साहेबांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून लोक इथे येताहेत. जत, आटपाडीहून येतात, सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीहून येतात. ‘मिरजेला दाखवून आलो’ म्हटलं की भावकीत कुणी पुढे प्रश्न विचारत नाही. तिथे जे सांगितलं तो निकाल.

मोतीबिंदूचं काम तुम्ही उत्तम करता, त्याबद्दल दुमत नाही. 2015 ते 2019 या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा 66.2 टक्के निघाला होता. म्हणजे साधारण तिघांतल्या दोघांना ऑपरेशनने पुन्हा दिसू शकतं. मीही कुठल्या घरी गेले की आधी तेच विचारते: मोतीबिंदू तपासलाय का, चष्म्याचा नंबर शेवटचा कधी काढला? काचबिंदूचे थेंब नेमाने घालणाऱ्या माणसाच्या नाकावर जुनापुराणा चष्मा असतो, आणि नवा नंबर काढल्यावर देव्हाऱ्यातल्या मूर्ती परत ओळखू येतात, असं होतं कधीकधी. ते झालं की माझं तिथलं काम निम्मं होतं.

हे पत्र मात्र उरलेल्या तिसऱ्या माणसाबद्दल आहे. कुणाच्या डोळ्याचा पडदा (रेटिना) मधोमध खराब झालाय, कुणाची काचबिंदूने डोळ्याची नस सुकलीय, कुणाच्या डोळ्यात साखरेने रक्त उतरून गेलंय. त्याला तुम्ही जे सांगता ते खरंच असतं. औषधाने किंवा ऑपरेशनने गेलेली नजर परत येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. खोटी आशा दाखवत नाही याबद्दल मी तुमची आभारीच आहे. पण रिक्षा घरी पोचेपर्यंत त्याच वाक्याचा अर्थ होतो, ‘आता ह्यांनी काही करायचं नाही.’ दुसऱ्या दिवसापासून गॅसजवळ जायला बंदी. मग भाजी निवडायला नको, अळी राहिली त्यात तर? मग एकट्याने अंगणात नको, पडलात तर कोण बघणार? पोरं-सुना वाईट नसतात हो, भीतीपोटीच करतात. पण चालणं थांबलं की पायातली ताकद जाते, आणि ज्या पडण्याच्या धास्तीने बसवून ठेवलं ते पडणं शेवटी कॉट ते बाथरूम एवढ्या अंतरात होतंच.

कवलापूरच्या एक आक्का मला म्हणाल्या, “नजर गेली त्याचं येवढं न्हाई बाई. पण सून माझ्या हातातनं लसूण बी काढून घेती. मग दिसभर काय करू? भित्ताड बघत बसू? ते बी दिसत न्हाई.” आणि स्वतःच हसल्या. लसूण सोलायला डोळे लागतात असं त्या घरात कुणी ठरवलं, देव जाणे.

आपल्या लोकांना आंधळं होणं समजतं. अर्धवट दिसणं समजत नाही. पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, गेला की समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पेपर वाचता येत नाही, सुईत दोरा जात नाही. कडेची नजर मात्र शाबूत असते. म्हणून तोच माणूस घरभर न अडखळता फिरतो, पायाजवळ पडलेलं नाणं उचलतो आणि दारात आलेल्या सख्ख्या भाच्याला ओळखत नाही. मग कुजबुज सुरू होते: “पैसा बरा दिसतो, माणूस दिसत नाही होय!” सोंग करतात, असा शिक्का बसतो. काचबिंदूची तऱ्हा उलटी. कडेची नजर आधी जाते, मधली बरीच टिकते. आजोबा पेपरातली बारीक अक्षरातली निधनवार्ता वाचतात आणि उठून आत जाताना नातवाने बोळात लावलेल्या स्कूटरच्या हँडलवर आपटतात. “लक्ष कुठं असतं तुमचं?” लक्ष जागेवर असतं. हँडल दिसणारी जागा डोळ्यात उरलेली नसते.

हे समजवायला तुम्हाला दोन मिनिटं पुरतील. केसपेपरच्या पाठीमागे एक गोल काढा, आजार असेल तसा मधे किंवा कडेने काळा करा, आणि तो कागद मुलाच्या हातात द्या. मीही तसाच कागद काढते. पण ‘बाईंनी सांगितलं’ आणि ‘डॉक्टरांनी सांगितलं’ यांत आपल्याकडे किती अंतर आहे ते मी सांगायला नको.

मधली नजर गेलेल्याला उरलेली नजर वापरायला शिकवता येते. हे पुष्कळांना माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर आयुष्य काढलेले एक तात्या आहेत. वहीतला आकडा दिसेना तसं दुकानात जाणंच सोडलं. पोराने विचारलं की म्हणायचे, आता तुमचं तुम्ही बघा. मी त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, तात्या, माझ्या नाकाकडे बघायचं नाही. आता माझ्या कपाळाकडे बघा. आता हनुवटीकडे. आता डाव्या कानाकडे, आता उजव्या. नाक कधी दिसलं तेवढं सांगा. उजव्या कानावर आल्यावर ते एकदम म्हणाले, “अहो बाई, तुमची चमकी दिसली!” डोळ्यासमोरचा काळा डाग बाजूला सरकला होता आणि माझं नाक पडद्याच्या अजून चांगल्या असलेल्या भागावर पडलं होतं. अशी जागा ज्याची त्याची वेगळी असते. ती शोधायची, मग घोटायची. कॅलेंडरवरचे मोठे आकडे, मग बातम्यांचे मथळे, मग वही. सवय लागायला आठवडे जातात आणि पहिले काही दिवस डोकं दुखतं, हेही आधीच सांगावं, नाहीतर माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

त्याच्या जोडीला भिंग. इथे फार घोटाळा होतो. मुलगा स्टेशनरीच्या दुकानातून शाळेच्या प्रयोगाचं भिंग आणतो, ते जमत नाही, आणि ‘भिंगानेसुद्धा काही होत नाही’ असा निकाल लागतो. डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप. 10 डायॉप्टरचं भिंग कागदापासून साधारण 10 सेंटिमीटरवर धरावं लागतं, 20 चं 5 सेंटिमीटरवर. भिंग जितकं जोरदार तितका एका वेळी दिसणारा तुकडा लहान, त्यामुळे बाजारातलं सगळ्यात मोठ्या नंबरचं आणून भागत नाही. हात थरथरत असेल तर हातातलं भिंग बाद. त्याला कागदावर स्वतःच्या पायांवर उभं राहणारं, आतून दिवा असलेलं भिंग लागतं. कुणाला जास्त नंबरचा वाचनाचा चष्माच बरा पडतो, मग हात मोकळे राहतात. हा हिशेब तुमच्याकडचे ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नंबर काढणारे, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला करतील. त्यांना कुणी सांगत नाही एवढंच.

आणखी एक गोष्ट तुमच्या तोंडूनच ऐकू द्या. कागद डोळ्याजवळ नेला की घरातलं कुणीतरी ओरडतं, “अजून खराब करून घ्या डोळे!” जवळ धरून वाचल्याने पडदा झिजत नाही. नजर वापरल्याने संपत नाही. हे मी शंभरदा सांगून जे होत नाही ते तुम्ही एकदा म्हटल्याने होईल.

उजेडाचं तर विचारूच नका. आपल्या घरात ट्यूब भिंतीवर उंच असते आणि म्हातारं माणूस तिच्याकडे पाठ करून आपल्याच सावलीत पोथी धरून बसतं. म्हाताऱ्या डोळ्याला तरुण डोळ्याच्या कितीतरी पट उजेड लागतो, पण तो कागदावर, डोळ्यात नव्हे. मान वाकवता येणारा टेबललॅम्प खांद्याच्या बाजूने ठेवला की काहीजणांना भिंगाची गरजच पडत नाही. बाहेर पडताना पुन्हा उलटं: आपल्याकडचं ऊन डोळ्यात घुसतं, तेव्हा झापडीची टोपी आणि पिवळसर काचेचा गॉगल.

स्वयंपाकघर हा माझा आवडता वर्ग. शेगडीचं बटण बंद असताना त्याचं टोक जिथे येतं तिथे एक उंचवटा करायचा, बोटाला लागला की गॅस बंद. टिकली सोयीची असते, पण नवरा गेलेल्या काही आजींना ती चालत नाही, म्हणून पिशवीत एम-सीलची पुडीही ठेवते. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेला दोन. हळदीला काही लावावं लागत नाही, सांगलीच्या बाईला हळद वासाने कळते. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्यांनाही तेच करा: सकाळी-रात्री घालायचा एक, फक्त रात्रीचा दुसरा, आणि दोन्ही बाटल्या बोटाला सारख्याच लागतात. तुमच्या कंपाउंडरने थेंब देतानाच एकीला रबर अडकवून दिलं तर किती बरं होईल. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही, गडद ताटात दिसतो. स्टीलच्या पेल्यात पाणी कुठवर आलं ते चांगल्या नजरेलाही चटकन कळत नाही, तेव्हा बोटाचं पेर काठावरून आत ठेवून ओतायचं. पायरीच्या कडेला आणि उंबऱ्याला पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा. पांढऱ्या फरशीच्या बाथरूममध्ये पांढरा मग नको, लाल घ्या.

बाहेरच्या पुस्तकांत अंध माणसाच्या जेवणासाठी घड्याळाची युक्ती सांगतात: तीन वाजता भाजी, नऊ वाजता पोळी. आपल्याला घड्याळ कशाला हवं? वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. ताट वाढायची ही रीत आपल्या आया-आज्यांच्या हातात जन्मभर मुरलेली आहे. घरच्यांनी ती मोडली नाही की आजी कुणालाही न विचारता जेवून उठतात. खणाखणांच्या ताटात ज्या खणात जागा असेल तिथे काहीही वाढायचं, ही अलीकडची पद्धत आली आणि बिचाऱ्यांची पंचाईत झाली.

आता अशी एक गोष्ट, जी तुम्ही आधीच सांगून ठेवली तर पुष्कळ घरांचे पैसे आणि मनस्ताप वाचेल. एका घरातल्या आजींना दुपारच्या वेळी माळ्यावर मुलं बसलेली दिसायची. कधी फेटेवाले लोक, कधी भिंतभर वेलबुट्टी. ती माणसं बोलत नाहीत, काही करत नाहीत, नुसती असतात. घरच्यांनी आधी देवऋषी केला. मग म्हातारीला वेड लागलं म्हणून पाहुण्यांसमोर आणणं बंद केलं. मग आजींनीच सांगणं बंद केलं. तुम्हाला हे नाव माहीत आहे: शार्ल बोने सिंड्रोम. डोळ्यांकडून चित्रं येणं कमी झालं की मेंदू आपली आपण चित्रं उभी करतो. 1760 साली स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी हे लिहून ठेवलं तेही आपल्या आजोबांचं बघून. नजर अधू झालेल्या त्या आजोबांना माणसं, पक्षी, इमारती दिसत आणि डोकं पूर्ण ठिकाणावर होतं. आजींना एवढं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे मी शानीच हाय न्हवं?” दिवा लावला, डोळे इकडून तिकडे दोन-चार वेळा फिरवले की चित्र बहुतेकदा निघून जातं. आवाजही ऐकू येत असतील किंवा विसरभोळेपणा वाढला असेल तर गोष्ट वेगळी, ते तुम्ही तपासालच. पण रुग्ण आपणहून हे सांगणार नाही. विचारावं लागेल.

पांढऱ्या काठीबद्दल माझं मत जरा कडू आहे. 15 ऑक्टोबरचा पांढरी काठी दिन आला की कुठेतरी हार, शाल, नारळ आणि काठ्यांचं वाटप होतं. सगळ्यांना एकाच लांबीची काठी. फोटो झाले की त्या काठ्या दारामागे जातात त्या जातातच. उभी धरलेली काठी साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत यायला हवी. ती टेकायची नसते, पुढची जमीन आधी चाचपायची असते: डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे, उजवा पडतो तेव्हा डावीकडे. हे शिकवावं लागतं. ज्याला टेकायचीच गरज आहे अशा गुडघेदुखीच्या माणसाचं गणित आणखी वेगळं. आणि सगळ्यात अवघड भाग हातात नसून मनात असतो. पांढरी काठी घेऊन गल्लीतून गेलं की गल्लीला कळतं. ज्या माणसाने जन्मभर मान वर ठेवली त्याला हे जड जातं, त्याला घाई करून चालत नाही. मी आधी घरात, मग पहाटे अंगणात, मग गल्लीत, अशी नेते.

बरोबर चालणाऱ्यांनाही शिकवावं लागतं. दंड धरून पुढे ढकलायचं नाही. त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला, पायरी आली की तुमच्या हातावरूनच त्यांना कळते. आणि कृपा करून ‘ओळखा पाहू मी कोण?’ हा खेळ बंद करा. दारातून आत येताना नाव सांगा, जाताना ‘जातो’ म्हणा, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो.

हे तुमच्या खात्यातलं नाही, पण महापालिकेतल्या कुणी वाचलं तर बरं म्हणून लिहिते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली तेव्हा आपल्या घरात डोळे मिटून वावरणारी माणसं छावणीत आल्यावर जागची हलेनात. घर पाठ असतं, शाळेचा हॉल पाठ नसतो. काहीजणांनी पाणी पिणंच कमी केलं, कारण वारंवार संडासला नेणार कोण? अशा माणसाला भिंतीकडेची, संडासच्या वाटेवरची एकच जागा द्यावी, ती रोज बदलू नये, आणि त्याची काठी, चष्मा, थेंब एका पिशवीत त्याच्या उशाशी असावेत. पाणी पुन्हा येणार आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

फोनचं थोडक्यात सांगते, कारण ते नातवंडं माझ्यापेक्षा लवकर शिकवतात. टॉकबॅक नावाची सोय अँड्रॉइड फोनमध्ये असतेच, वेगळे पैसे पडत नाहीत. बोट ठेवाल तिथलं फोन मराठीत वाचून दाखवतो. नोट किती रुपयांची ते सांगणारं रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप 2020 पासून आहे, ते इंटरनेटशिवाय चालतं. नव्या 100 आणि 200 च्या नोटांच्या लांबीत 4 मिलिमीटरचा फरक आहे, 200 आणि 500 मध्ये पुन्हा तेवढाच. कडेला फुगीर रेघा असतात, 100 ला चार, 500 ला पाच, पण हातोहात फिरून मऊ पडलेल्या नोटेवर त्या लागत नाहीत. त्यामुळे माझ्या ओळखीच्या आज्या आपली जुनी पद्धत वापरतात: 100 सरळ, 200 ची एक घडी, 500 च्या दोन. भाजीवालीसमोर ॲप उघडत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याबद्दल मात्र तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी असे दोन वेगळे प्रकार आहेत. चांगल्या डोळ्याला चष्मा लावूनही नजर 6/18 च्या खाली (निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरूनही नीट न दिसणं), 3/60 पर्यंत असेल तर अल्पदृष्टी. त्याच्याही खाली अंधत्व. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच कायद्यात दृष्टिक्षेत्रही, म्हणजे समोर बघताना किती रुंद भाग दिसतो तेही, मोजायला सांगितलं आहे: 40 अंशांच्या आत ते 10 अंशांपर्यंत अल्पदृष्टी, 10 अंशांच्या आत अंधत्व. काचबिंदूचा माणूस तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचतो, म्हणून ‘ह्यांना तर छान दिसतं’ म्हणत त्याला परत पाठवल्याचं मी बघितलं आहे. नळीतून बघितल्यासारखं दिसणारा माणूस रस्ता ओलांडू शकत नाही, पण तक्ता वाचू शकतो. तुम्ही फील्ड टेस्टचा रिपोर्ट कागदांना जोडून त्यावर अंश स्पष्ट लिहिलेत तर त्याची ही एक फेरी तरी वाचेल. 40 टक्क्यांचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) हातात असलं की पुढच्या सवलतींची दारं उघडतात. त्या दारांपर्यंत जायला सत्तरीच्या माणसाला सोबत लागते आणि सोबतीचा रोज बुडतो, हे विसरू नये.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना एकदा 3000 रुपये मिळतात. लोक त्यातून चष्मा घेतात, कमरेचा पट्टा घेतात, कमोडची खुर्ची घेतात. भिंग कुणी घेत नाही, कारण कुठलं घ्यायचं ते चिठ्ठीवर कुणी लिहून दिलेलं नसतं.

म्हणून मागणं असं. उपचार संपल्याचं केसपेपरवर लिहिता, त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहा: ‘अल्पदृष्टी तपासणी आणि प्रशिक्षण आवश्यक’. नुसती लिहू नका, बोलून दाखवा, आणि मुलाकडे बघून नव्हे तर समोर बसलेल्या माणसाकडे बघून बोला. “ह्यांना रात्री दिसतं का?” असं मुलाला विचारलं की त्या क्षणापासून माणूस घरातलं सामान होतो. त्याचे कान चांगले आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत पुनर्वसन हे नेत्रसेवेचंच काम मानून त्याचा वेगळा विभाग चालवतात. आपल्याकडे लगेच तेवढं नको. दोन-चार दवाखान्यांनी मिळून आठवड्यातली एक सकाळ ठरवावी, एक ऑप्टोमेट्रिस्ट, भिंगांचा एक संच, आणि घरी जाऊन शिकवायला तयार असलेलं कुणीतरी. विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केलेल्या तरुण मुली काम शोधत माझ्याकडे येतात, मी त्यांना तुमच्याकडे पाठवू शकते. तुमच्यापैकी जे हे आधीपासून करतात त्यांनी हे पत्र शेजारच्या दवाखान्यात द्यावं.

तोवर माझ्यासाठी एवढं करा. तुमच्या वेटिंगच्या हॉलमध्ये मला एक टेबल, दोन खुर्च्या आणि दिव्यासाठी एक प्लग द्या. भिंगं, लॅम्प, रबर, एम-सील, वेगवेगळ्या लांबीच्या काठ्या मी घेऊन येते. मानधन नको, सत्कार तर मुळीच नको. तुमच्या चेंबरमधून माणूस बाहेर पडला की काउंटरवरच्या मुलीने “त्या बाईंना भेटून जा” एवढं म्हणावं. वेळ सकाळचीच ठेवा, जत-आटपाडीकडून आलेल्यांना दुपारची एसटी गाठायची असते.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका
विश्रामबाग, सांगली